लंगड्या मागाचा ठोका

१४ मार्च, मंगळवार

प्रिय ठोक्या,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं मजेत. यांचा गुडघा कुरकुरतो, पण तोंड त्याहून जास्त कुरकुरतं, म्हणजे तब्येत ठीक आहे. स्वयंपाकघराला रंग दिला. थोरली नोकरीत रमली आहे. बाकी विशेष काही नाही.

एवढं लिहून पाकीट बंद करणार होते, पण यांनी हात धरला. म्हणाले, "पस्तीस वर्षं हेच लिहिते आहेस. आता खरं लिही."

तुझं पत्र मिळालं. 'रविवारी कार्यक्रम संपल्यावर मागून तीनदा हाक मारली, तू वळूनही पाहिलं नाहीस. ताई, माझं काय चुकलं?' तुझं काही चुकलं नाही रे. सांगते. पण आधी जरा तोऱ्यात बोलू दे, तो माझा हक्क आहे.

तुझं ते गाजलेलं गाणं गिरणीत सुचलं, असं तू मुलाखतीत सांगतोस. लोकांना वाटतं, कलावंत आहे, सांगतोय काहीतरी. पण ज्या मागाच्या ठोक्यावरून ते सुचलं, तो माग माझा होता. सात नंबरचा. दातेरी चाकाचा एक दात तुटला आणि तो लंगडायला लागला. दोन ठोके दणक्यात, तिसरा अडखळत. तू तेव्हा खात्यात मागांना तेल घालायचास. बुधली हातात तशीच धरून उभा राहिलास आणि माझ्या कानाशी ओरडलास, "ताई, हा ताल बोटांत बसेपर्यंत याला दुरुस्त करू देऊ नकोस!"

मी नऊ दिवस तक्रार केली नाही. मुकादम विचारायचा, "सातवर कापड कमी का भरतंय?" मी म्हणायचे, "सूत तुटतंय, साहेब." एवढं धडधडीत खोटं जन्मात बोलले नव्हते. दहाव्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तू गिटार आणलीस, सुताच्या गाठोड्यावर बसलास आणि तो तुकडा वाजवलास. बायकांचे घास हातातच राहिले. मुकादमही मान डोलवत होता. मग एकदम थांबला. "अरे, हा तर सात नंबर!" त्यानंतर त्याने मला ज्या शिव्या घातल्या, त्याही त्याच तालात.

तबकडी निघाली ती चार वर्षांनी. पहिली प्रत तू मला पाठवलीस. मी कळवलं होतं, 'मधली गिटार ऐकून अंगावर काटा आला.' ठोक्या, ते वाक्य मी वर्तमानपत्रातून उचललं होतं.

तोवर माझे कान गेले होते. एकदम नाही. आधी चिमण्या गेल्या, मग किटलीची शिट्टी, मग थोरलीचं रडणं. खात्यातल्या निम्म्या बायकांचं तेच झालं. त्या गदारोळात वर्षानुवर्षं उभं राहिल्यावर दुसरं काय होणार? तुझ्या नऊ दिवसांनी काहीही झालेलं नाही. हे वाक्य पुन्हा एकदा वाच. तेव्हा सांगितलं असतं, तर तू ते गाणं परत वाजवलं नसतंस. म्हणून गप्प बसले. ओठ वाचायला शिकले. तू यायचास तेव्हा हे आणि थोरली सावरून घ्यायचे. फोनवर हे सांगायचे, "ताई बाहेर गेली आहे." माझ्याएवढी बाहेर जाणारी बाई जगात दुसरी नसेल!

तुझे कार्यक्रमही टाळले. या वेळी मात्र राहवलं नाही. भर दुपारी मैदान तुडुंब भरलेलं. मी पुढच्या लोखंडी कठड्यावर दोन्ही हात ठेवले आणि तू सुरुवात केलीस. हातांतून आला रे तो ठोका! दोन दणक्यात, तिसरा अडखळत. मागे पाहिलं तर हजारो तोंडं एकदम उघडत-मिटत होती. म्हातारे, पोरीबाळी, कडेवरची लेकरं, सगळं मैदान त्या लंगड्या तालावर उड्या मारत होतं. शेजारच्या अनोळखी बाईचा दंड धरून मी ओरडले, "तो माझा भाऊ आहे! आणि तो माग माझा आहे!" तिला काय कळलं कोण जाणे, तिने मला मिठीच मारली.

मग डोळे आवरेनात. तुझ्यासमोर रडायला नको म्हणून निघाले. तुझ्या हाका माझ्यापर्यंत पोचल्याच नाहीत. एवढंच झालं.

आता घरी ये. उजेडाकडे तोंड करून माझ्यासमोर बस आणि सावकाश बोल. ती झुपकेदार मिशी मात्र उतरवून ये, तिच्याआड ओठ दिसत नाहीत. गाणं संपल्यावर तू मंचावरून माझ्याकडे बोट दाखवून काहीतरी म्हणालास आणि सगळं मैदान माझ्याकडे वळून टाळ्या वाजवू लागलं. हे गुडघ्यामुळे घरीच टीव्हीवर कार्यक्रम पाहत होते, म्हणून काय म्हणालास, ते यांना विचारलं. हे सांगायला तयार नाहीत. म्हणतात, "ते त्याच्याच तोंडून घे."

वाट पाहते आहे.

तुझी बहिरी, लिहिला एकदाचा हा शब्द, आणि तुझ्या अभिमानाने फुगलेली,
ताई