अंगणातली कण्हेर

हर्सूल, ३ मार्च २०२५

चि. राम यास अनेक आशीर्वाद.

फोनवर मला धड ऐकू येत नाही, म्हणून लिहितो. तू सांगितलेलं मोरपंखीचं रोप शेजारच्या कडुबानं छावणीतल्या नर्सरीतून आणून दिलं. लावलं. बाराही महिने हिरवं राहतं म्हणतात, पण फूल नाही. फळ म्हणजे करडाला शिंगं फुटावीत तशी बारकी गाठ. आपली कण्हेर मात्र सगळं वाळलं तरी फुललेली असते. शेळ्या तिला तोंड लावत नाहीत, म्हणूनच तुझ्या आईनं लावली होती. ती विषारी आहे, तोडल्याशिवाय प्रांजलीला आणणार नाही, असं शीला म्हणाली म्हणे. सूनबाईला विचार, करडाला कळतं ते माझ्या नातीला कळणार नाही का? तुझ्या आईच्या हातचं आता तेवढंच राहिलंय. झोप येत नाही. म्हाताऱ्यावर माया राहू द्या.

मल्हारी

पुणे, ११ मार्च

ती. अण्णांना शि. सा. न. वि. वि.

शीला म्हणते, करडाला शेळी शिकवते. आमची पोरगी तर काल माझी चप्पल चघळत होती. अण्णा, कण्हेरीचं एखादं पानही लेकराला धोक्याचं, असं डॉक्टर म्हणाले. रांगणाऱ्या पोरीला अंगणात सोडायचं कसं? पण तोडा म्हणायला माझीही जीभ रेटत नाही. तुम्हीच ठरवा. गोळी चुकवू नका. आमच्यावर राग नसावा, लोभच असावा.

राम

हर्सूल, २३ मार्च

चि. राम यास आशीर्वाद.

कण्हेर तोडली. कडुबा आला होता, त्याला चहा पाजून परत पाठवलं आणि मीच कोयता घेतला. पानं, फुलं, काटक्या वेचून लांब पुरल्या. जाळल्या नाहीत, धूरही वाईट असतो. अंगण दोनदा झाडलं, हे सूनबाईला सांग. खांदा अजून दुखतो. परवा कुणाची तरी शेळी मोरपंखीचा शेंडा खाऊन गेली. तुझी आई लई हसली असती. आता भोवती काटे लावलेत.

एक सांगून ठेवतो. कण्हेरीचं मूळ काढलं नाही, काढवलं नाही. त्याला फुटवे येतात. रोज सकाळी बघतो, दिसला की खुडतो. प्रांजलीला नको म्हटलेलं कळायला लागलं, की एक फुटवा वाढू देईन. तोवर खुडायला मी असलो म्हणजे झालं.

या आता. माया आहेच, तुम्हीही ठेवा.

मल्हारी