आईची सोडत

दि. ९ फेब्रुवारी

प्रिय छोट्या,

अनेक आशीर्वाद. आम्ही सगळे बरे आहोत. तूही बराच असशील, तुला काय धाड भरलीय!

फोन सोडून पत्र लिहायला बसले, कारण फोनवर तू "ताई, एक मिनिट" म्हणतोस आणि ते मिनिट कधी संपत नाही. इकडचं नेहमीचंच. कुरिअरच्या ऑफिसात माणसं कमी, पार्सलं जास्त. तुझ्या भावोजींची पाठ पुन्हा धरलीय. दादाने बस चालवायचं सोडून डेपोत बसायचं काम घेतलंय. वहिनी म्हणते, पूर्वी रस्त्यावरच्या लोकांवर ओरडायचा, आता आमच्यावर ओरडतो.

आणि आईची सोडत रविवारी पार पडली. तुझं नाव निघालं. शनिवारी दादा तिला घेऊन तुझ्याकडे येतोय.

दचकलास ना? दचकणारच. ४१७ टाकल्यावर तुझं नाव निघत नाही, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार!

बाबा गेले तेव्हा आई कुणाकडे राहणार यावरून आपली तिच्यादेखत जुंपली होती. तूच म्हणालास, दर चार महिन्यांनी तिघांच्या नावांची सोडत काढू. मी म्हटलं, चिठ्ठ्या टाकू. तू हसलास. "चिठ्ठीत लबाडी होते, ताई. कॉम्प्युटरला ना आई, ना बहीण." गेम बनवणाऱ्या कंपनीतला तू, तुला कोण अडवणार? तेव्हापासून तू व्हिडिओ कॉलवर प्रोग्राम चालवायचास, सुरुवातीला दर वेळी वेगळा आकडा टाकायचास आणि नाव निघायचं कधी दादाचं, कधी माझं. मग चेहरा पाडून म्हणायचास, "अरेरे, आई, पुन्हा हुकलं बघ!"

या वेळी तुला सवड नव्हती म्हणून तू प्रोग्राम मला पाठवलास आणि सांगितलंस, सुरुवातीचा आकडा ४१७ टाक. त्याच्या आदल्या रविवारी मी सोडत काढायला बसले, तेव्हा आई आत केस विंचरत होती. माझा चष्मा तिच्याच खोलीत राहिलेला. घाईत ४७१ पडलं आणि तुझं नाव आलं. आईसाठी इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! पण दादा म्हणेल, आकडा चुकवलास. म्हणून त्याला फोन लावायच्या आधी नीट ४१७ टाकलं. माझं नाव आलं. परत टाकलं, परत मीच. कितीही वेळा टाकलं तरी मीच. आईला सांगितलं, आज हे चालत नाहीये, पुढच्या रविवारी बघू.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातल्या कॉम्प्युटरवाल्याला विचारलं. सगळे त्याला टकलू म्हणतात.

"त्यात काय, मॅडम? कॉम्प्युटरला मनाने काही सुचत नाही. तुम्ही दिलेला आकडा घेऊन तो हिशेब करतो आणि उत्तर असं वेडंवाकडं देतो, की बघणाऱ्याला वाटावं नशीबच. आकडा तोच दिला, की उत्तरही तेच." मग म्हणाला, "पण कुणी आधीच आकडे टाकून बघून ठेवले असतील, तर ही सोडत कसली?"

मी म्हटलं, "माझा भाऊ हुशार आहे." दुसरं काय सांगणार होते?

छोट्या, तू सरळ नको म्हणाला असतास, तर आई दोन दिवस रडली असती आणि सावरली असती. तू तिला आशेवर ठेवलंस. शेजारणीला ती सांगते, "धाकट्याचा जीव आहे माझ्यावर, पण माझं नशीबच आडवं येतं." तुझं पाप तिने तीन वर्षं स्वतःच्या कपाळावर घेतलं. थोडी तरी लाज वाटू दे.

रविवारी दादाला कॉलवर घेतलं, आईला समोर बसवलं आणि ४७१ टाकलं. हो, जाणूनबुजून. तुझीच विद्या. आईने तोंडावर हात ठेवला. म्हणाली, "चुकलं असेल गं. परत काढ." परत तोच आकडा टाकला, परत तू. "दोनदा आलं! दोनदा!" म्हणत ती हसतच सुटली. दादाच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या भोळ्याला मी काही सांगितलेलं नाही. आईलाही नाही आणि सांगणारही नाही. तुला ती नको असेल, तर दारात उभा राहून, तिच्या तोंडाकडे बघून, तूच सांग.

इथे थांबणार होते, पण राहवत नाही. कालपासून ती बॅग भरतेय आणि गुणगुणतेय. माझ्या घरात ती कधी गुणगुणली नव्हती. तिचं पथ्य सांभाळलं, तिला अंघोळ घातली, तिची चिडचिड ऐकून घेतली. तरी माझं नाव निघालं की ती मान हलवून एवढंच म्हणायची, "असू दे." मला ते दर वेळी ऐकू यायचं, आणि मी चहा ठेवायला निघून जायचे.

मला ती हवी होती रे. तुझ्या सोडतीत तसं म्हणायची सोय कुठे होती? आणि तुझी लबाडी नसती तर ती माझ्याकडे इतकी राहिलीही नसती, हे मला पचत नाही.

तिला नीट ठेव.

जिचं नाव निघालं की आई "असू दे" म्हणते, ती तुझी

ताई