खुणा नसलेली परभणी

३ नोव्हेंबर
लागली बाई एकदाची नोकरी! चुडाव्याहून सामान आणलं, परभणीत खोली घेतली, मायही सोबत आली. काम काय, तर गेम खेळायचा! विरेश सरांनी अख्खी परभणी गेममध्ये बांधलीय. स्टेशन, ऑटो, पोखर्णीचा रस्ता, सगळं. डोळ्यांवर एक डबा चढवायचा अन् वाटेल तिकडं हिंडायचं. आधी पडद्यावरच्या खुणांसकट, म्हणजे कोपऱ्यात नकाशा, वाट दाखवणारा बाण, जीव मोजणारी लाल पट्टी. मग खुणा काढून. कशात जास्त हरवायला होतं ते सरांना सांगायचं. याचा पगार मिळतो म्हणल्यावर माय खो खो हसली. निघताना घाईत "जाते" म्हणाले तर लगेच ओरडली, जाते न्हाई म्हणायचं, येते म्हण. लहानपणापासून हेच चालू हाय तिचं.

७ नोव्हेंबर
गेममधल्या घरात एक म्हातारी बाई पाहिजे होती. मीच शहाणी, मायला घेऊन गेले. फोटो काढले, आवाज घेतला. एकच वाक्य, "आलीस का बाई? हातपाय धू, चहा टाकते." परत परत म्हणवून घेतलं तशी माय वैतागली. आज डबा घालून त्या घरी गेले, तर दारात आमची माय, मालनबाई हजर! पण डोक्यावर जीवाची पट्टी तरंगायलेली अन् वर बाण. मला हसूच आवरेना.

१२ नोव्हेंबर
खुणा बंद. आता कळलं, बाण असला की मी बाणच बघते, रस्ता न्हाई. आज स्टेशनबाहेर ऑटोवाल्याशी भाड्यावरून कचाकचा भांडले. गेममध्ये! राहिलं एकच, कोपऱ्यातलं बाहेर पडायचं बटण. लय खुपतं डोळ्यात. सरांना म्हणलं, तेवढंही काढा. सर म्हणाले, मग डबा हातानं काढावा लागंल, विसरू नको. इतकी येडी हाय का मी?

१४ नोव्हेंबर
बटण काढलं. लय हिंडले. परतताना रोजच्या बाजारात चुकले. नकाशासाठी नजर कोपऱ्यात गेली, तिथं नुसतं आभाळ.
घरी माय म्हणाली, आलीस का बाई, हातपाय धू, चहा टाकते. रोज तेच म्हणते ती. म्हणूनच तर ते वाक्य घेतलं होतं.

१५ नोव्हेंबर
मावशीचा फोन आला का, विचारलं. माय हसली. चहा टाकते म्हणाली. चहा आलाच न्हाई.
चेहरा चाचपला. डबा न्हाई, नुसती कातडी. म्हणजे मी बाहेरच हाय ना? पण डबा काढल्याचं आठवत न्हाई—

१६? १७?
ऑफिसला कुलूप. ऑटोवाला तेच भाडं मागतो, तेच भांडतो— मला लय भ्या वाटायलंय. मला माझ्या मायकडं जायचंय.
एक गोष्ट सरांनी म्हणवून घेतली नव्हती. "जाते" म्हणलं की ओरडणं. ते फक्त माझ्या मायला येतं.

आज
वही हातातच हाय. दारात उभी. म्हणलं, माय, जाते मी.
ओरड ना.
परत म्हणलं, जाते.
माय हसली. आलीस का बाई? हातपाय धू—
माय, एकदा ओरड. जाते म्हणायलेय मी, ऐक ना, जाते, जा—