न चावलेली वाम

४ मे
आले एकदाची सासरी! माझ्या नवऱ्याचं, वाल्मोंचं घर खाडीकाठी, खांबांवर उभं, खाली कोळंबीची जाळी वाळत घातलेली. आम्ही भातशेतीवाले, आमच्याकडे चिखल शेतात राहतो, इथे तो जिन्यावरही चढतो. ओझिट सासूबाई मोठ्या मायेच्या. खेकडे, भात, गंबोचा दाट रस्सा, नको म्हटलं तरी वाढत होत्या.

मग तिबॉय, माझा दीर, वाटी घेऊन आला. वाटीत जिवंत वाम. वीतभर लांब, करंगळीहून बारीक, अंगावर एक खवला नाही, नाकपुड्या थेट ओठावर. म्हणाला, "घाबरू नकोस वहिनी, वाल्मोंचं नाक याहून वाईट आहे!" या घरच्या जाळ्याला हात लावायचा तर आधी वामेचं डोकं चावायचं, मग गिळायची, ही रीत. सगळे बघत होते. मला दात लावणं जमेना. डोळे मिटले आणि अख्खीच गिळली.

चावलीस ना, असं सासूबाईंनी विचारलं. हो म्हणाले. टाळ्या पडल्या, वाल्मोंची छाती फुगली. एवढंसं खोटं, कोणाचं काय गेलं?

भरती लागली तसे सगळ्यांचे हात पोटावर गेले. खेकडे जास्त झाले असणार.

९ मे
सासूबाईंबरोबर मासे साफ करत होते. एका माशाच्या जठराबाहेर, बरगडीला चिकटून, काळी वाळकी गाठ निघाली. वाम होती. सासूबाई सांगत होत्या, हिची शेपटी टोकदार, हाडासारखी टणक. गवताकडेच्या उथळ चिखलात ही शेपटीकडून शिरते, उलटी. माशाने अख्खी गिळली की पोटातही तसाच रस्ता काढते, बाहेर पडून मांसात अडकते.

"म्हणून चावायची असते, पोरी."

मी मान खाली घालून आतडी धूत राहिले. चोराच्या मनात चांदणं.

१५ मे
बरगडीखाली टोचतं. भरतीला जास्त. वाल्मों डॉक्टरकडे चल म्हणतो. मी म्हणते वात झालाय. तो तर बोटीबोटीवर सांगत सुटलाय की भातवाल्यांची पोर, पण पापणी न लववता चावली! आता कोणत्या तोंडाने सांगू? मरणाहून लाज मोठी वाटते, आणि हे लिहितानाही लाजच वाटते.

२१ मे
गाठ हाताला लागते. सरकते. मागे मागे.

सासूबाईंना सांगून टाकलं. रडले. त्यांनी दार लावलं, झगा वर केला, माझा हात आपल्या बरगडीखाली ठेवला. गाठ. भरती होती. हलली.

"वाल्मोंला आहे, तिबॉयला आहे. कोणीच चावली नाही गं. पण बोलायचं नाही. झाकली मूठ सव्वालाखाची."

वाल्मोंनेही मला कधी सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही.

२४ मे
एल्मीर आली. माझी धाकटी बहीण, हंगामात कोळंबीच्या कामाला. मीच बोलावलं होतं, पहिल्या आठवड्यात, वामेची रीत तोऱ्यात लिहून —

जिन्यावर कानात म्हणाली, "ताई, मी नाही बाई चावणार. गिळून टाकीन. कोणाला कळतंय?"

चाव, म्हटलं. का, म्हणाली. का ते — तोंडातून निघालंच नाही.

वाटी टेबलावर आली. पोट दुखतंय सांगून मी खोलीत — भरती चढतेय — वाल्मों तिला माझी गोष्ट सांगतोय, पापणी न लववता —

जाते. एवढं लिहून झालं की उठते, सगळ्यांसमोर सांगते की मी चाव —

टाळ्या. बाहेर टाळ्या पडताहेत, एल्मीर हसतेय, आणि मी अजून इथेच —