दक्षिणेकडची बाल्कनीवाली खोली

वेंडेलिन,

फेब्रुवारीतल्या स्कीइंगच्या सुट्टीसाठी तू आपल्याच गेस्टहाऊसच्या वेबसाइटवर भरलेला अर्ज मिळाला. बायको, दोन मुलं, एक कुत्रा. बर्फाची खात्री हवी, मुलांना शिकवायला सबुरीचा माणूस हवा, आणि खोली दक्षिणेकडची, बाल्कनीवालीच हवी. आईची चौकशी कुठेच नाही.

त्या खोलीत आता आई असते, हे तुला कुठून ठाऊक असणार? खुबा मोडल्यापासून ती तिथेच उन्हात बसून असते. पण हंगाम लागला की घरच्यांनी आपले पलंग पाहुण्यांना देऊन तळघरात झोपायचं, ही आपल्या तिरोलच्या डोंगरमुलखाची जुनी रीत तिच्या अंगात मुरलीय. मी म्हटलं, "आई, तुझी खोली मागतायत."

"किती जणं?"

"चौघं. हॅम्बुर्गचे."

"मग बसलीस काय? चादरी काढ! आणि इथे म्हातारी झोपायची, हे बोलू नकोस हो त्यांच्यापाशी."

उशी काखेत धरून, एकेका पायरीवर बसत ती खाली उतरली. नाव तिने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

अर्जात एक प्रश्न होता, 'यापूर्वी आमच्याकडे राहिला आहात का?' अठरा वर्षं याच घरात वाढलेल्या माझ्या सख्ख्या भावाने 'नाही'वर खूण केली.

हे पत्र चुलीत जाईल. तुला नेहमीचं छापील उत्तर येईल: खोली राखून ठेवली आहे. आपण प्रथमच येत आहात, रस्ता चुकू नये म्हणून स्टेशनवर माणूस पाठवू.

आपली यजमानीण,
नोटबुर्गा