निळ्या ड्रममधलं काळं ऑईल

१२ मे, सोमवार
दुपारपासून लाइटची नुसती जा-ये. जनरेटर दर वेळी पहिल्याच हँडलला उठला. मार्थाचं ऑक्सिजनचं मशीन घरघरत राहिलं. देवाची कृपा. थोडी निळ्या ड्रमचीही, असं मनात आलं.

ड्रममध्ये शेजारच्या भाऊसाहेबाच्या गॅरेजातलं काळं ऑईल, गाड्यांतून काढलेलं. होळीपासून हलवलेलं नाही. घाण तळाला बसते. वरचं वरचं काढायचं, जुन्या जीन्सच्या पायातून दोनदा गाळायचं, डिझेलमध्ये निम्मं मिसळायचं. कुणी शिकवलं नाही, करून करून जमलं. तिसगावच्या पंपावर कॅनमध्ये द्यायला कुरकुरतात, आणि माझे गुडघे रोज तिथवर जायला.

ड्रमवरून मार्था म्हणते, "लेकीला वाढवताना एवढं जपलं नाही तुम्ही." खोटं बोलते.

रूथचा पुण्याहून फोन. लेक नर्स असली की बापाला रोज ड्यूटी लागते. "पप्पा, ते ऑईल बंद करा. आणि ऑईलच्या हातानं सिलिंडरला शिवू नका. ऑक्सिजन आहे तो, भडका उडेल." हो म्हटलं. दुसरं तरी मनापासून.

१८ मे, रविवार
चर्चमधली उपासना झाल्यावर मंडळीतल्या बायका घरी आल्या, मार्थासाठी प्रार्थनेला. ती लई खूश. नाकातली नळी सावरत एक गीतही म्हणाली, अर्धं.

ऊन मरणाचं, म्हणून सतरंज्या जनरेटरच्या शेडमध्ये टाकल्या. मी चहा ठेवायला आत. बाहेर येतो तर ड्रम दुसऱ्या कोपऱ्यात! बसायला जागा व्हावी म्हणून चौघींनी तिरका करून बुडाच्या कडेवर फिरवत फिरवत नेला. "नाना, तुम्हाला एकट्याला कुठं हलणार होता?" आभार मानले. तिच्या श्वासासाठीच आलेल्या माणसांना कसं रागवायचं.

संध्याकाळी वरचं थोडं काढून बोटांत चोळलं. कचकच. सगळा तळ वर आला. आता पावसाळ्यापर्यंत हात लावायचा नाही.

१९ मे, सोमवार
वळीव, गारा. वस्तीला लाइट देणारी डीपी धडाम करून जळाली. वायरमन फोनवर, "नाना, दुसरी डीपी येईस्तवर मी काय सांगू? दोन दिस कळ काढा."

कळ मी काढीन. तिनं कशी काढायची?

चांगलं डिझेल कॅनच्या तळाला. पंपावर टँकर आलेला नाही. भाऊसाहेबाचा ट्रॅक्टरही रिकामा. सिलिंडर एकच, तो अगदी गळ्याशी आल्यावर.

ड्रमपाशी गेलो, परत आलो. परत गेलो. शेवटी काढलंच. दोनदाऐवजी चारदा गाळलं. बोटांत अजून कचकच लागते, का माझ्या मनातच आहे?

मार्था, "तोंड का उतरलंय?"
म्हटलं, गारांनी आंबा गेला.
"आपल्याला कधीपासनं आंबा?"

२० मे, मंगळवार. तिसगाव, दवाखाना
मांडीवर वही धरून लिहितोय. अक्षर लागलं तर लागलं.

सकाळी जनरेटर नीट होता. न्याहारीनंतर आवाज चढला. चढतच गेला. बंद करायचा दांडा ओढला, ऐकेना. डिझेलची तोटी बंद केली, नळीत उरलेलं पीत तसाच पळत राहिला. शेड थरथरायला लागली. काळा धूर, समोरचं दिसेना. फुटतोय आता, एवढंच डोक्यात. माठाला गुंडाळलेलं ओलं बारदान ओढलं (माठ फुटला) आणि हवा ओढायच्या तोंडावर दाबून धरलं. दोन-चार आचके देऊन थांबला.

मग ती शांतता. आत मशीनचाही आवाज नाही.

करंट वाढून बल्ब पांढराफटक झालेला बघून मार्थानंच मशीनची पिन भिंतीतून उपटली होती. मशीन वाचलं. ती कॉटवर वाकून, दोन्ही हात गुडघ्यांवर, खांदे वरखाली. ओठ…

सिलिंडर तिच्या उशाशी. मी पुढं झालो आणि हात दिसले. कोपरापर्यंत ऑईल.

साबण लावला. राख लावली. निरमा लावला. निघेना. नखांत, घड्यांत, सगळीकडं. तसाच पुढं आलो तर तिनं मान हलवली. नको.

तेवढ्यात अलका, भाऊसाहेबाची बायको, आवाज ऐकून धुणं टाकून पळत आली. मी उंबऱ्याबाहेरच. आत जायची भीती. तिथून ओरडलो, सिलिंडर उघड.
"कुनीकडं फिरवू, नाना?"
"डावीकडं! अगं डावीकडं!"
"वरडू नका, फिरवते!"
मग ती सूंऽऽ. तसा आवाज मी जन्मात ऐकला नाही.

भाऊसाहेबानं जीप काढली. इथं लाइट आहे. डॉक्टर म्हणाले, दोन दिवस ठेवू. ती झोपली आहे. मी बाकावर. हातांना अजून वास येतोय.

२३ मे, शुक्रवार
काल घरी आलो. डीपी नवी बसली. रूथ आली. ड्रम तिनं उभ्या उभ्या भाऊसाहेबाकडं परत पाठवला.

भाऊसाहेबानं जनरेटरचा पंप खोलला. "नाना, डिझेल कमीजास्त करायची पट्टी गाळानं चिटकली हुती. तुमचं नशीब हाय म्हनून बसलाय हितं." सगळं साफ केलं, आपल्या हातानं चांगलं डिझेल भरलं. "मारा हँडल."
म्हटलं, उद्या.
"उद्या म्हंजे कधी?"

रूथचं म्हणणं सरळ. जनरेटर चालला तर आई इथं, नाही तर पुण्याला. मार्था पुण्याचं नाव काढू देत नाही. "तिथं खिडकी उघडली की दुसऱ्याची खिडकी. मी इथंच." दोघी माझ्याकडं बघतात. मी शेडकडं बघत नाही.

आज रूथ दुसऱ्या सिलिंडरसाठी नगरला गेली आहे. पहिला बराच उतरलाय. अलका बाजाराला. घरात आम्ही दोघंच. पश्चिमेला आभाळ भरून आलंय.

एक गोष्ट डोक्यातून जात नाही. जनरेटरला हात लावला की सिलिंडरला लावता येत नाही. आधी सिलिंडर उघडावा तर तो किती पुरेल. आणि हँडल मारलं नि परत तो आवाज चढला तर?

हे लिहितोय तोच लाइट गेली, पंखा मंदावलाय. मशीनचा सूरही. मार्था उठून बसली आहे.

"अहो, बसून काय राहिलात? माझ्याकडं येताय का त्याच्याकडं जाताय?"

हसतेय. पण कॉटची कड घट्ट धरली आहे.