दोन कामांना दोन ट्रायपॉड

मी, विल्डा रेनफ्रो, कै. ऑटिस रेनफ्रो यांची पत्नी, वय एकोणऐंशी, राहणार मेस्कल वेल्स, कोचीस काउंटी, अ‍ॅरिझोना, हे मृत्युपत्र माझ्या हाताने, माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. हृदय ठिकाणावर नाही असे डॉक्टर म्हणतात, पण मृत्युपत्राला डोके पुरते. मला कोणी भरीस घातलेले नाही की धाक दाखवलेला नाही. उलट माझ्या दोन्ही मुलांनी "आई, आत्ताच काय घाई आहे?" म्हणून मला अडवायचाच प्रयत्न केला. याआधीचे मृत्युपत्र मी आज रद्द करते. ते शांतपणे केले होते, हे रागाने करते आहे. राग म्हणजे वेड नव्हे, याची मी वकिलाकडून आधी खात्री करून घेतली आहे.

कलम १. हे मातीच्या विटांचे घर, त्याभोवतीची जमीन, विहीर, गोठा आणि बँकेत जे काही आहे ते, माझी दोन मुले रॉइस आणि नेडीन यांना निम्मे निम्मे. मात्र रॉइसचा निम्मा हिस्सा अटीवर आहे. गेल्या नोव्हेंबरात अलामो खिंडीत त्याच्या उजव्या हाताने काय केले, ते त्याने आपल्या बहिणीच्या समोर बसून, तिच्या डोळ्यांत बघून सांगायचे. तेही यंदाचा शिकारीचा हंगाम सुरू होण्याच्या आत. न सांगितल्यास सगळे नेडीनचे, आणि त्याने कोर्टात जायचे तर खुशाल जावे. हंगामाची मुदत घालण्याचे कारण साधे आहे. यंदाचे परवाने दोघांनाही मिळाले आहेत. दोघे पुन्हा त्याच खिंडीत बसणार आहेत, आणि डॉक्टरने मला डोंगर बंद केल्यामुळे समोरून बघायला मी नसणार. आपण कोणाच्या रायफलीसमोर बसतो आहोत हे माझ्या मुलीला कळलेच पाहिजे.

कलम २. ऑटिसचे खोगीर आणि काडतुसे भरण्याचे यंत्र नेडीनला. बिडाचा मोठा तवाही नेडीनला. रॉइसच्या बायकोने तो एकदा साबणाने घासला होता. मी त्या वेळी काही बोलले नाही, म्हणून आता बोलते.

कलम ३. चर्चच्या महिला मंडळाला काहीही नाही. ऑटिसच्या अंत्यविधीनंतरच्या जेवणात त्यांनी हरणाच्या मांसाचा रस्सा "वास येतो" म्हणून बाहेरच्या टेबलावर ठेवला. ते हरीण ऑटिसने स्वतः मारलेले शेवटचे होते.

कलम ४. माझे ट्रायपॉड. हे कलम लांबेल. वकिलाने "ट्रायपॉड व इतर सामान" एवढे चार शब्द सुचवले होते. ते त्याच्याकडेच राहू देत.

आमच्या डोंगरातले हरीण लहान असते आणि त्याचा रंग सुकल्या गवतासारखा राखाडी. ते चालून सापडत नाही, बसून सापडते. एका जागी बसायचे, ट्रायपॉडवर मोठी दुर्बीण लावायची आणि समोरचा डोंगर झुडूप झुडूप करत बघत राहायचे. कान हलतो, तेवढाच दिसतो. दुर्बीण हातात धरली तर छातीच्या ठोक्याबरोबर अख्खा डोंगर हलतो, मग कान कुठला दिसायला? म्हणून आमच्याकडे रायफल कोणती यावरून कोणी भांडत नाही. भांडण होते ते ट्रायपॉडवरून.

मोठा, जड, मोजणीवाल्यांसारखा लाकडी ट्रायपॉड नेडीनला. तो मी निवडला आहे. निवडताना मी दुकानात तीन गोष्टी केल्या, त्या तिच्या मुलांनीही कराव्यात. पहिली म्हणजे जमिनीवर बसून बघितले, की मान न वाकवता डोळा काचेला लागतो का. उभे राहून तर सगळेच ट्रायपॉड चांगले वाटतात. दुसरी, त्यावर दुर्बीण चढवून बोटाने टिचकी मारली आणि आतले चित्र किती वेळ थरथरते ते पाहिले. तिसरी म्हणजे मधला दांडा. ज्याची उंची मधला दांडा वर ओढून मिळते तो घेऊ नये. पाय उंच असावेत. दांडा वर काढला की तीन पायांचा एक पाय होतो. आणि पायांना घोड्याच्या खोगिराखालची जुनी लोकर गुंडाळावी, कारण दगडावर धातूचा आवाज झाला की समोरचा कान लगेच वळतो.

दुसरा, बुटका, जाड पायांचा ट्रायपॉड रायफलीसाठी. त्याचे डोके घट्ट आहे, भरल्या रायफलीचे तोंड आपोआप खाली पडत नाही. दुर्बिणीला सैल फिरणारे डोके लागते, रायफलीला न हलणारे. ही दोन कामे वेगळी आहेत आणि त्यांना दोन ट्रायपॉड लागतात. मी हे सांगून सांगून थकले. दुर्बिणीने शोधायचे, सापडले की ती जागची हलवायची नाही. शेजारी दुसऱ्या ट्रायपॉडवर रायफल लावायची, पुन्हा दुर्बिणीत बघून खात्री करायची आणि मगच गोळी चढवायला बोल्टला हात लावायचा. ऑटिसने आयुष्यभर असेच केले, आणि त्याच्या पाठीला बाक होता तरी दोन्ही वाहून नेले.

हा दुसरा ट्रायपॉड मी रॉइसला देणार होते. आता तो माझी शेजारीण एर्लिंडा सोटेलो हिला. ती शिकार करत नाही. तिने त्यावर फुलांची कुंडी ठेवली तरी माझी हरकत नाही.

कलम ५. फेन्टन यूल, ज्याचे बंदुकीचे दुकान आहे आणि जो या क्षणी माझ्यासमोर बसून माझी केळ्याची पाव-खीर खातो आहे, त्याला माझी जुनी हातदुर्बीण. त्याने ती घेण्याआधी पुढचे ऐकावे. रॉइसने आपला ट्रायपॉड, म्हणजे दोन्ही कामांना एकच असे हलके, काळे तिकाटणे, याच्याच दुकानातून घेतले. मी तिथेच होते. एका बोटाने उचलले जात होते ते. मी टिचकी मारली, तर आतला डोंगर थांबेचना.

"विल्डा, हल्ली सगळे हेच नेतात," फेन्टन म्हणाला. "खटका दाबला की दुर्बीण निघते, खटका दाबला की रायफल बसते. एकात दोन."

"सगळे हरीणही घरी नेतात का?" मी विचारले.

"आई, पाठ माझी आहे ना?" रॉइस म्हणाला. "चोपन्न वर्षांचा झालो मी. दोन-दोन लाकडं घेऊन चढायला मी काय गाढव आहे?"

मी म्हटले, "गाढव चालेल. आळशी माणसाच्या हातात रायफल नको." फेन्टन हसला आणि त्याने ते विकले. तो वाईट माणूस नाही, पण हसला हे खरे आहे.

कलम ६. अलामो खिंडीत काय झाले ते मी इथे लिहिते, कारण ते बघणारी मी होते.

जीप जाते तिथवर, खिंडीच्या तोंडाशी, मी बसले होते. तिथून दोन्ही धारा दिसतात. पूर्वेला रॉइस, पश्चिमेला नेडीन. कोण कुठे बसणार हे सकाळी कॉफी पिताना ठरले होते. नंतर ऊन काचेत येऊ लागले म्हणून नेडीन मागच्या ओकच्या सावलीत सरकली. रॉइस मला संध्याकाळी म्हणाला, "ती जागा सोडून गेली, त्याला मी काय करू?" सावलीत सरकायला भावाची परवानगी लागते, हे मला माहीत नव्हते.

रॉइसला हरीण दिसले असावे. त्याने तिकाटण्यावरून दुर्बीण काढली आणि रायफल चढवली. एकात दोन! तेवढ्यात हरीण गेले, आणि दुर्बीण तर पायाशी पडलेली. म्हणून तो रायफलीवरच्या दुर्बिणीतून हरीण शोधू लागला. म्हणजे रायफलीचे तोंड सगळ्या डोंगरावरून फिरवू लागला. आमच्याकडे पोरांना चालायच्या आधी शिकवतात की रायफलीने बघायचे नसते. ज्याच्यावर गोळी झाडायची नाही त्याच्याकडे तिचे तोंड वळवायचे नसते. ते तोंड फिरत फिरत ओकच्या सावलीपाशी आले आणि थांबले.

माझी दुर्बीण मोठी आहे आणि माझा ट्रायपॉड हलत नाही. मी त्याचे कोपर वर गेलेले पाहिले, मागे आलेले पाहिले, पुढे जाऊन खाली बसलेले पाहिले. बोल्ट ओढून गोळी नळीत गेली. त्याला सावलीत राखाडी काहीतरी हलताना दिसले होते आणि त्याने ते हरीण ठरवले होते. ती माझी मुलगी होती. मी ओरडले. मधे एवढी दरी, वारा माझ्या तोंडावर येत होता, माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. हात हलवले. पण तो माझ्याकडे बघत नव्हता. इतके स्वच्छ दिसत असताना काहीच करता येऊ नये, याच्यासारखी शिक्षा मी कोणाला देणार नाही.

वारा जोराचा होता आणि ते तिकाटणे थरथरत होते. रॉइसने त्याला पिशवी अडकवली, गुडघा लावला, पुन्हा गाल टेकवला, पुन्हा उचलला. त्याला नेम धरता येईना. तेवढ्या वेळात नेडीन पाय मोकळे करायला उठून उभी राहिली. रॉइस रायफलीपासून असा मागे झाला जणू ती तापली होती. मग त्याने बोल्ट मागे ओढला आणि खाली वाकून बाहेर पडलेली गोळी उचलली.

म्हणजे ज्या भिकार वस्तूला मी वर्षभर नावे ठेवली, तिच्या थरथरण्याने माझी मुलगी वाचली. चांगल्या ट्रायपॉडवर त्याने केव्हाच घोडा दाबला असता. मला त्या तिकाटण्याचे उपकार मानावे लागतात, याचा मला सगळ्यात जास्त संताप आहे.

आणि संध्याकाळी, तंबूपाशी, बीन्स ढवळता ढवळता हा हसत म्हणतो, "नेडीन, आज दिसलीस मला. नाकात बोट होतं तुझं."

"कशातून दिसले?" तिने विचारले.

"रायफलीतून. अगं, नळी रिकामी होती. सेफ्टी लावली होती. आईसारखं तोंड नको करूस."

नेडीनही हसली. मी त्याला नंतर जीपमागे गाठले. "नळी रिकामी होती?"

"रिकामी होती, आई."

"बापाच्या बायबलवर हात ठेवून सांगशील?"

"ठेवीन की. आण बायबल."

मी आणले नाही. त्याने खरेच हात ठेवला असता. चूक कोणाच्याही हातून होते. त्या गोष्टीवर विनोद करून ती वर्षभर बारमध्ये सांगत फिरणे, आणि जिच्यावर नेम धरला तिलाच "मी तुला बघत होतो" म्हणून हसवणे, हे माझ्या घरात शिकवलेले नाही. तो मला स्वतःहून येऊन सांगेल म्हणून मी वाट पाहिली. ख्रिसमस गेला, त्याचा वाढदिवस गेला, उन्हाळा गेला. तो दर रविवारी येतो, माझा नळ दुरुस्त करतो, गोठ्याचे पत्रे ठोकतो. ते चांगले आहे. मला ते नको आहे.

कलम ७. माझी राख अलामो खिंडीत टाकावी. पण हंगामात नको. हरणे विनाकारण उठतील.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी एर्लिंडा सोटेलो हिने करावी.

सही करण्याआधीची नोंद, जी मी आत्ता, सगळे टेबलाशी बसलेले असताना लिहीत आहे.

वरचा सगळा मजकूर मी मोठ्याने वाचून दाखवला. मुलांनी हजर राहायची गरज नाही असे वकील म्हणाला होता. मला गरज होती. कलम चारपर्यंत रॉइस टोपी गुडघ्यावर ठेवून हसत होता. कलम सहा वाचताना "कोपर वर गेलेले पाहिले" इथे मी पोचले आणि त्याने टोपी टेबलावर ठेवली. मी शेवटपर्यंत वाचले. फेन्टनने खीर बाजूला सारली. मी म्हणाले, "मी सांगितलं, हे धरायचं नाही. त्याच्या तोंडून यायला हवं."

रॉइस नेडीनकडे वळला. "गोळी चढवली होती मी," तो म्हणाला. "हरीण समजलो तुला. बोट घोड्यावर होतं, नेडीन. रोज झोपताना दिसतं मला ते. विनोद केला नसता तर मला तोंड वर करता आलं नसतं."

नेडीन म्हणाली, "माहीत आहे मला."

"काय माहीत आहे?" हे मी विचारले.

"सगळं. आई, तुला काय वाटलं, मी पाय मोकळे करायला उठले? मी समोर बघत होते. रायफलीचं तोंड सरळ माझ्या काचेत आलं होतं, गोल, काळं. ती नळी थरथरत होती म्हणून मला उठायला वेळ मिळाला. मी मुद्दाम उठले, माणूस दिसावा म्हणून."

"मग दहा महिने गप्प का बसलीस?" एर्लिंडा ओरडली. "बाई गं, मी असते तर त्याच संध्याकाळी ते बीन्स त्याच्या डोक्यावर ओतले असते!"

"तो सांगतोय का, ते बघत होते," नेडीन म्हणाली. "आणि यंदा परवाना आला तरी मी त्याच्याबरोबर जाणार नव्हते. पैसे भरलेत, पण जाणार नव्हते. आता बघू."

रॉइसने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतले. चोपन्न वर्षांचा माणूस, खांदे हलत होते.

तेव्हा मी लिहून ठेवते की कलम एकची अट पुरी झाली. त्याचा निम्मा हिस्सा त्याचा. बुटका ट्रायपॉड मात्र एर्लिंडाकडेच राहील. त्याला हवा असेल तर त्याने तिच्याकडे जाऊन मागावा, आणि तिने दिला तरच घ्यावा.

नेडीन आता उठली आहे आणि त्याच्या कपात कॉफी ओतते आहे, त्यात त्याला आवडते तशी साखर घालून. त्याने अजून क्षमा मागितलेलीही नाही. हे मला अजिबात मान्य नाही, आणि मला ते मान्य नाही हे इथे नोंदवून मी खाली सही करते.

विल्डा रेनफ्रो

आमच्या समोर सही झाली. बाई शुद्धीत होत्या, आणि आवाज चढलेला होता.

साक्षीदार: एर्लिंडा सोटेलो
साक्षीदार: फेन्टन यूल

ठिकाण: मेस्कल वेल्स, कोचीस काउंटी
दिनांक: १४ सप्टेंबर